सांगवीचा गोलंदाज

आमच्या सांगवीच्या घरी दिवाळीची पहिली आंघोळ आटोपली, की आम्ही मुले फटाक्यांच्या माळा घेऊन अंगणात धावायचो आणि आमचे तात्या खांद्यावर घोंगडी टाकून मळ्याची वाट धरायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. नीरेच्या काठी आमचा ऊस होता. त्या उसाच्या बांधावर ते उजाडेपर्यंत एकटे बसून राहत. फराळाला या म्हणून सांगायला मला पाठवीत. मी जवळ जाऊन हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नसे, कारण त्यांचा डावा कान कायमचा गेलेला होता. उजव्या बाजूला जाऊन उभे राहावे लागे.

आम्ही पोरे त्यांना पाठीमागे हसायचो. लढाईवर जाऊन आलेला माणूस आणि फटाक्याला भितो! एकदा हे मी त्यांच्या तोंडावर बोललो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "भीत न्हाई रं. आवाज झाला की आधी मोजाया लागतो मी. कुठनं आला, किती लांब पडला. सनाच्या दिवशी ते मोजणं नगं वाटतं."

त्या वेळी मला याचा काही अर्थ लागला नाही. पुढे कळला, तेव्हा तात्या नव्हते. दिवाळी आली की ते हसणे मला आजही टोचते, आणि ते टोचणे कमी करण्यासाठीच की काय, मी या विषयाच्या नादी लागलो. वाचकहो, शिवकाळातली तलवार आणि पानिपतावरचा भाला आपल्याला तोंडपाठ असतो. पण तोफेमागे उभ्या राहिलेल्या माणसाची हकिकत आपल्या घरांत फारशी कोणी सांगत नाही. ती आज सांगावी म्हणतो.

पत्र्याची ट्रंक

तात्या गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत दोन पदके, एक लोकरी मफलर आणि लष्करातून १९४६ साली सुटका झाल्याचा कागद होता. त्या कागदावर 'महरट्टा अँटी-टँक रेजिमेंट, आर. आय. ए.' अशी अक्षरे होती. आर. आय. ए. म्हणजे रॉयल इंडियन आर्टिलरी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, हिंदी तोफखान्याला 'रॉयल' ही पदवी मिळाली होती.

गावात सगळे त्यांना 'पलटणीतले तात्या' म्हणत. ते मात्र हटकून दुरुस्त करायचे. "पलटन न्हवं. पलटन पायदळाची. आमी तोफखान्यातलं, आमी गोलंदाज." हा 'गोलंदाज' शब्द आज आपण क्रिकेटच्या मैदानावर वापरतो, पण त्याचे जन्मस्थान तोफेच्या तोंडाशी आहे. गोळा फेकणारा तो गोलंदाज. मराठी दप्तरांत हा शब्द जुना आहे, आणि हिंदुस्थानी तोफखान्याची आजची वंशावळसुद्धा याच शब्दापासून सुरू होते.

पानशांच्या तोफा

पुण्याहून सांगवीला जाताना दिवे घाट चढून सासवडची वाट धरली, की डाव्या हाताच्या डोंगररांगेत मल्हारगड दिसतो. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांतला हा शेवटचा. १७५७ ते १७६० या काळात तो पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी उभारला. पायथ्याच्या सोनोरी गावात पानशांचा वाडा आहे. लहानपणी एस. टी.तून हा डोंगर मी शंभरदा पाहिला असेन. पण त्याचा तोफखान्याशी संबंध आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

पेशव्यांकडे तोफा होत्या, गोलंदाज होते, बाणदार होते, उंटाच्या पाठीवरून डागायची शुतुरनाळ होती. माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नरकडे आंबेगव्हाण येथे तोफेचे गोळे ओतण्याचा कारखाना निघाला. उणीव होती ती दुसरीकडे. चांगली तोफ, तिची नेमकी मापे आणि ती चालविण्याची शिस्त यांसाठी आपण परक्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपल्या तोफखान्याचा आधार होता तो इब्राहिमखान गारदी. त्याचे शिक्षण फ्रेंच सेनापती बुसीच्या तालमीत झालेले. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्याच्या इमानाबद्दल शंका घेण्यास जागा नाही. पण एका माणसाबरोबर एक विद्या संपते, तेव्हा ती विद्या आपल्या घरात रुजलेली नव्हती असाच त्याचा अर्थ होतो.

महादजी शिंद्यांनी ही उणीव ओळखली. द बॉयन या फ्रेंच भाषिक अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांनी कवायती फौज आणि उत्तम तोफखाना तयार केला. त्याची परीक्षा झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात. लढाईपूर्वीच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतले आपले देशबांधव फोडले होते. अधिकारी गेले, गोलंदाज राहिले. जनरल वेलस्लीचे सैन्य तोफांवर चालून आले तेव्हा ते जागचे हलले नाहीत. संगिनींनी तोफांशेजारीच कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्याच तोफा वळवून पाठीमागून डागू लागले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरविले. तरीही असईची लढाई तो आयुष्यभर विसरला नाही. सुमारे शंभर तोफा त्या दिवशी इंग्रजांच्या हाती पडल्या. त्या तोफांजवळ पडलेल्या गोलंदाजांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

अठ्ठावीस सप्टेंबर

पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर नवव्या वर्षी, २८ सप्टेंबर १८२७ रोजी, मुंबई इलाख्याच्या लष्करात 'गोलंदाज बटालियन'ची आठवी कंपनी उभी राहिली. तिचे नाव पुढे अनेकदा बदलले. कंपनीची बॅटरी झाली, बॅटरीला नवे क्रमांक मिळाले, आणि अखेरीस '५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी' हे नाव तिला चिकटले. स्वतंत्र भारताच्या सैन्यात ती ५७ फील्ड रेजिमेंटमध्ये सामील झाली. भारतीय तोफखान्यातली ही सर्वांत जुनी तुकडी. म्हणूनच दरवर्षी २८ सप्टेंबर हा दिवस 'गनर्स डे' म्हणून पाळला जातो.

एवढी जुनी एकच तुकडी का उरावी? याचे उत्तर १८५७ सालात आहे. त्या वर्षी दिल्लीच्या तटावरून इंग्रजांवर जे गोळे आले, ते कंपनीनेच शिकविलेल्या देशी गोलंदाजांनी डागलेले होते, आणि ते फार अचूक होते. इंग्रजांनी त्यातून धडा घेतला. बंदूक हिंदी माणसाच्या हाती राहू द्यावी, तोफ मात्र देऊ नये, असा निर्णय झाला. देशी तोफखाना बहुतेक मोडून टाकण्यात आला. अपवाद राहिला तो मुंबई लष्करातल्या मोजक्या तुकड्यांचा, सरहद्दीवरच्या डोंगरी तोफखान्याचा आणि हैदराबादच्या कंटिंजंटचा. मोठी तोफ गोऱ्यांकडे. खेचराच्या पाठीवर मावेल तेवढी लहान तोफ हिंदी माणसाकडे, अशी ही वाटणी.

खेचराच्या पाठीवर

ही डोंगरी तोफ म्हणजे मोठी गमतीची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत तिची नळी दोन तुकड्यांत बनवीत आणि रणांगणावर पेचाने जोडीत. म्हणून तिला 'स्क्रू गन' असे नाव पडले. नळीचे दोन भाग, गाडा, आस आणि चाके अशी ओझी निरनिराळ्या खेचरांवर लादायची, जिथे बैलगाडी जाणार नाही अशा कड्यावर चढवायची आणि वर पोहोचताच काही मिनिटांत जोडून डागायची. पुढे आलेली ३.७ इंची हॉवित्झर तर आठ खेचरांवर विभागून नेता येई. गोलंदाजाला तोफेइतकेच खेचराचेही सांभाळावे लागे. खेचर बिथरले आणि दरीत गेले, तर तोफेचा एक अवयवच गेला. उरलेली सात ओझी असून नसल्यासारखी.

या बॅटऱ्यांनी सरहद्दीवरच्या टोळ्यांशी लढाया केल्या, आणि पहिल्या महायुद्धात कोहाट व जेकब या दोन डोंगरी बॅटऱ्या थेट तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. पण यात आपल्याला बोचणारी एक गोष्ट आहे. 'बॉम्बे' हे नाव राहिले, माणसे बदलली. इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे शास्त्र काढले आणि भरतीचा ओघ उत्तरेकडे वळविला. डोंगरी बॅटऱ्यांत शीख आणि पंजाबी मुसलमान यांचाच भरणा होऊ लागला. असईला तोफेशेजारी मरणाऱ्यांच्या मुलखात आता तोफ चालविणारा शोधूनही सापडेना. मराठी माणूस पायदळात राहिला. तोफेची विद्या दोन-तीन पिढ्या त्याच्या घरातून नाहीशी झाली.

दार उघडले

१५ जानेवारी १९३५ रोजी बंगलोर येथे हिंदी जवानांची पहिली फील्ड ब्रिगेड उभी राहिली. १८५७ नंतर प्रथमच मैदानी तोफ हिंदी माणसाच्या स्वाधीन झाली. आरंभीच्या हिंदी अधिकाऱ्यांत प्रेमसिंग ग्यानी होते, जे पुढे गाझातील संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख झाले, आणि पी. पी. कुमारमंगलम होते, जे १९६६ साली भारताचे सरसेनापती झाले. ज्या विद्येला आपण नालायक ठरलो होतो, तीत एका पिढीत आपली माणसे शिखरावर पोहोचली. तेव्हा नालायकी कोठे होती, हे सांगावयास नको.

मग दुसरे महायुद्ध आले आणि रणगाड्यांनी युद्धाची तऱ्हाच पालटली. रणगाडे फोडणाऱ्या तोफा हव्यात, त्या चालविणारी माणसे हवीत, तीही ताबडतोब. सरकारला पुन्हा महाराष्ट्राची आठवण झाली. 'महरट्टा अँटी-टँक' या नावाच्या रेजिमेंटी उभ्या राहिल्या. त्यांतली चौथी रेजिमेंट आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. आमचे तात्या तीत होते.

दूर मारा करणारी तोफ आपले लक्ष्य पाहत नाही. ते दुसऱ्या कोणी तरी पुढे जाऊन पाहायचे आणि बिनतारी यंत्रावरून अंतर व दिशा कळवायची. रणगाडाविरोधी तोफेचे तसे नाही. ती पायदळाच्या पहिल्या रांगेत, जमिनीसरशी, झुडपात दडवून ठेवतात. रणगाडा अगदी जवळ येऊ द्यायचा, कारण लांबून मारलेला गोळा त्याच्या चिलखतावरून निसटून जातो. एक गोळा सुटला की तोफेची जागा शत्रूला कळते. मग दुसरा गोळा कोण आधी सोडतो, एवढाच प्रश्न उरतो. सहा पौंडी तोफेमागे उभी राहिलेली पाच-सहा माणसे त्या एका क्षणासाठी तासन् तास गप्प बसत. कान जायला तोफेचा तो कर्कश आवाज पुरेसा होता.

आठव्या डिव्हिजनने १९४३ च्या हिवाळ्यात सांग्रो नदी ओलांडली. १९४४ च्या मे महिन्यात कॅसिनोजवळची नदी, आणि १९४५ च्या एप्रिलात सेनिओ नदी. सेनिओच्या काठावर ९ एप्रिल रोजी नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी इटलीतच नायक यशवंत घाडगे यांनी तो प्राणाचे मोल देऊन मिळविला होता. दोघेही पायदळाचे. हिंदी तोफखान्यात हा मान एकाच माणसाला मिळाला, तो म्हणजे हरियाणाचे हवालदार उमराव सिंग. १९४४ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशच्या कलादान खोऱ्यात जपानी हल्ला तोफेपर्यंत येऊन भिडला, तेव्हा गोळे संपल्यावर त्यांनी तोफेची लोखंडी पहार हाती घेतली आणि तोफ सोडली नाही. ते सापडले तेव्हा बेशुद्ध होते, आणि तोफ जागेवर होती.

ही हकिकत वाचली आणि मला तात्यांचे एक वाक्य आठवले. त्यांनी इटलीविषयी सांगितलेली ती जवळजवळ एकच गोष्ट. चिखल, पाऊस आणि नदीकाठ. त्यांच्या तोफेवरचे दोघे सोबती एकाच वेळी गेले. मी लहानपणाच्या आगाऊपणाने विचारले होते, "मग तुम्ही पळून का नाही आलात?" ते म्हणाले होते, "बंदूक घिऊन पळता येतं. तोफ सोडून येता येत न्हाई."

हा केवळ शूरपणा नव्हे. तोफखान्याचा तो धर्म आहे. पायदळाला निशाण असते. तोफखान्याला निराळे निशाण नाही; तोफ हेच त्याचे निशाण, आणि ते शत्रूच्या हाती पडणे ही सर्वांत मोठी नामुष्की. 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल' हे तोफखान्याचे ब्रीद आहे. पण तात्यांच्या वाक्यात मला ते अधिक चांगले कळले. असईच्या त्या निनावी गोलंदाजांना विचारले असते, तर त्यांनीही कदाचित हेच उत्तर दिले असते.

देवळालीपासून द्रासपर्यंत

तोफखान्याची काकूलची शाळा फाळणीपूर्वीच तिथून हलली, आणि ही विद्या नाशिकजवळ देवळालीला येऊन वसली. नाशिक रोडच्या केंद्रात आज देशभरातले तरुण गोलंदाज घडतात. जी विद्या महाराष्ट्राने गमावली होती, तिचे गुरुकुलच महाराष्ट्रात आले.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली. शत्रू शिखरावर आणि आपण पायथ्याशी. पायदळ चढणार कसे? स्वीडनकडून १९८६ साली घेतलेल्या बोफोर्स तोफांनी ती शिखरे भाजून काढली. त्या लढाईत अडीच लाखांहून अधिक गोळे आणि अग्निबाण डागले गेले. पायदळाबरोबर तोफखान्याचे अधिकारीही वर चढत होते, मारा नेमका कोठे हवा हे सांगण्यासाठी. द्रासमधील ५१४० क्रमांकाच्या शिखराला जुलै २०२२ मध्ये 'गन हिल' हे नाव देण्यात आले, ते या गोलंदाजांच्या स्मरणार्थ. एप्रिल २०२३ मध्ये पाच तरुणी अधिकारी म्हणून तोफखान्यात दाखल झाल्या. हे ऐकून तात्या काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बहुधा, "कान जपा म्हणावं पोरींनो," एवढेच.

पण बोफोर्सही बाहेरचीच. इब्राहिमखानापासून लागलेले ते परावलंबन सुटले का? सुटू लागले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. तिने १५५ मिलिमीटरची, ४५ किलोमीटरपलीकडे मारा करणारी नवी तोफ सिद्ध केली. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार सरकारने भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी केला. यांतल्या भारत फोर्जची भट्टी पुण्यात मुंढव्याला आहे, आणि त्यांचा एक कारखाना आमच्या बारामतीलाही आहे. पानशांच्या मल्हारगडावरून पाहिले, तर हे अंतर फार नाही. चालून यायला मात्र अडीचशे वर्षे लागली.

पितळेची फुलदाणी

तात्यांनी इटलीहून एक वस्तू आणली होती. सहा पौंडी तोफेच्या गोळ्याचे रिकामे पितळी नळकांडे. हातभर उंच. काकू ते चिंच लावून लख्ख घाशीत. खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्या शेजारी तात्या ते मांडीत आणि त्याला हळदकुंकू वाहत. एरवी ते देवघराच्या कोनाड्यात असे. इतर वेळी काकू त्यात झेंडू ठेवीत.

मी आता दिवाळीला सांगवीला जातो, तेव्हा ते नळकांडे माझ्या ताब्यात असते. चिंच लावून घासतो. मळ्यातले झेंडू आणून त्यात ठेवतो. नातवंडे फटाके घेऊन अंगणात धावतात. मी त्यांना अडवीत नाही. तात्यांनीही आम्हांला कधी अडविले नव्हते. फक्त एवढे केले आहे, की पहाटेची पहिली माळ लागण्याआधी मुलांना कोनाड्यासमोर बसवायचे आणि हे काय आहे, कोणाचे आहे, ते सांगायचे. गेल्या वर्षी धाकट्याने विचारले, "मग पणजोबा फटाक्यांना भीत होते का?"

"नाही," मी सांगितले. "ते मोजत होते."

त्याने थोडा विचार केला. मग हातातली माळ घेऊन तो अंगण सोडून पार रस्त्याच्या कडेला गेला आणि तिथे ती लावली.